दुसऱ्यावर

मोडकाआगरचा पूल आला की
कोणी न सांगता एसी बंद व्हायचा.
चार काचा तिघींच्या हातांनी उतरायच्या.
केतकी फोन उलटा ठेवायची मांडीवर,
हमीदाभाभी डबा पायांत घट्ट धरायची,
आणि मी पुलावरच, त्या जराशा सपाटीवर,
जमेल तेवढा वेग साठवून घ्यायचे,
नळ जायच्या आत हंडे भरून घ्यावेत तसा.

तीन सिलिंडर, आठशे सीसी.
घेतली तेव्हा शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
शहरात मस्त पळते.
कुठलं शहर, ते विचारायचं राहिलं.

पहिल्या वळणाला चौथा सुटतो.
जांभ्याच्या कापापाशी तिसरा.
आणि काजूच्या त्या वाकड्या झाडाखाली
दुसऱ्यावर येऊन ती कुरकुर सुरू करते
आमच्या आत्याबाईंसारखी:
काम टाकायचं नाही,
पण करताना अख्ख्या वाडीला ऐकू गेलं पाहिजे.

मागे चिऱ्यांचा डंपर, त्याच्या मागे एसटी.
एसटीवाला दिवे मारतो,
मी हात बाहेर काढून जा म्हणते,
जायला जागा नसते.
एकदा आंब्याचा टेम्पो, पेट्यांवर पेट्या लादलेला,
आम्हाला ओलांडून गेला.
भाभी म्हणाली, "हापूससुद्धा आपल्याआधी चिपळूणला गं."

मार्गताम्हान्याच्या पाष्टे मिस्त्रीने बॉनेट उघडलं,
प्लग पुसले, फिल्टर फुंकला,
बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला.
"म्याडम, इंजिनात काय खोट न्हाय.
डोंगर वाईच खाली घेता येतोय का, त्या बघा."
पैसे घेतले नाहीत.

रोजचे जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर.
दवाखान्यात मी लोकांच्या छातीचे एक्सरे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
चढणीवर मी स्वतःच तसं करते,
पाटपन्हाळ्याच्या पठारावर सोडते.

सात वर्षांत एवढं कळलं
की माणसांचं वजन गिअरमध्ये मोजता येतं.
भाभी म्हणजे डब्यासकट अर्धा गिअर, हे तिच्याच तोंडचं.
गणपतीत नणंदेचं बिऱ्हाड बसलं तेव्हा थेट पहिला,
तरी हलेना म्हणून दोघे भाचे उतरून चालत निघाले
आणि वर, मैलाच्या दगडावर बसून,
पेरू खात आमची वाट बघत होते.

केतकीचं वजन कधी मोजलं नव्हतं.
ती पहिल्या दिवसापासून आतच होती.
आधी दप्तर, मग ड्रॉइंग बोर्ड,
मग बारावीची ती विटांसारखी पुस्तकं.
चढण आली की ती पुढे झुकायची,
नाक जवळजवळ काचेला.
आपण झुकलो की गाडीला जोर येतो
असं पाचवीत ठरवलेलं,
फिजिक्स शिकल्यावरही सोडलं नाही.

ऑगस्टात ती सांगलीला गेली, इंजिनिअरिंगला.
त्या सोमवारी भाभी रजेवर.
पूल आला.
सवयीने एसी बंद केला,
माझ्या बाजूची काच उतरवली,
बाकीच्यांना हात पोचेना.
पहिलं वळण. जांभ्याचा काप.
काजूच्या झाडाखाली हात दुसऱ्याकडे गेला
आणि तिथेच राहिला.

तिसऱ्यावर होती. चढत होती.
कुरकुर नाही, काही नाही.
मागच्या एसटीने दिवेसुद्धा मारले नाहीत.

पाष्टेला सांगितलं तर म्हणेल,
बघा, म्हटलेलं ना.

मी तरी दुसरा टाकला.
थोडी पुढे झुकले.